एसी गार होईना? आधी हवा, मग वीज, शेवटी गॅस

होळीनंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे : ‘एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही.’ त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. प्रत्येक घराची अडचण वेगळी असली तरी तपासणीचा क्रम एकच ठेवता येतो. तो पाठ झाला तर निम्मी दुरुस्ती घरातच होते आणि उरलेल्या दुरुस्तीत कोणी फसवू शकत नाही.

विहिरीवरची मोटर पाणी उपसते तसा एसी खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. इनडोअर युनिटच्या कॉइलमध्ये गॅस उकळतो आणि उकळताना खोलीच्या हवेतली उष्णता शोषतो. आउटडोअरमधला कॉम्प्रेसर तो गॅस दाबून आणखी तापवतो. मग आउटडोअरची कॉइल आणि पंखा मिळून ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतात. हे काम चालू राहायला दोन्ही कॉइलवरून भरपूर हवा जावी लागते, कॉम्प्रेसरला पुरेशी वीज मिळावी लागते आणि नळ्यांत योग्य वजनाचा गॅस असावा लागतो. म्हणून आधी हवा, मग वीज आणि शेवटी गॅस, या क्रमाने बघा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, सुरुवातच गॅसपासून होते.

शंका १ : आमच्या दीड टनाच्या स्प्लिट एसीचं कूलिंग दर एप्रिलला कमी होतं. मेकॅनिक येतात, ‘गॅस संपलाय’ म्हणतात आणि भरून जातात. एक-दोन महिने बरं चालतं. गॅस दरवर्षी भरावाच लागतो का?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

समाधान : अजिबात नाही. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. गळती नसेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. म्हणजे तुमच्याकडे दोनच शक्यता उरतात. एक तर कुठेतरी गळती आहे आणि ती कोणी शोधलेलीच नाही, किंवा गॅस कधी कमी झालाच नव्हता आणि दुखणं दुसरंच होतं. ‘एक-दोन महिने बरं’ वाटण्यामागे त्या भेटीत धुतलेला फिल्टरही असू शकतो.

पुढच्या वेळी मेकॅनिकला गॅसची टाकी जोडण्याआधी क्लॅम्प मीटर लावायला सांगा. कूलिंग कमी आणि कॉम्प्रेसर घेत असलेला करंटही नेहमीपेक्षा कमी, तर गॅस कमी असण्याचा संशय रास्त आहे. कूलिंग कमी पण करंट जास्त, तर बहुधा आउटडोअरची कॉइल घाणीने बुजली आहे. तिथे आणखी गॅस भरला तर कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो. नेहमीचा करंट किती, हे युनिटवरच्या प्लेटवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त होतो, म्हणून ही तपासणी रिमोटवर सर्वांत कमी तापमान लावून, एसी पूर्ण वेगाने चालवून करावी.

गळती खरीच असेल तर तिची खूण बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळीत फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा पातळ थर येतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, ओशट डाग तयार होतो. आउटडोअरच्या बाजूला जिथे दोन तांब्याच्या नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या असतात, तिथे टॉर्च मारून बघा. त्याला फ्लेअर जोड म्हणतात. नट जास्त आवळला की नळीचं पसरवलेलं तोंड चिरतं, कमी आवळला की आउटडोअरच्या थरथरीने सैल होतं. फिटिंग घाईत झालेल्या एसीत बरीच गळती याच जोडातून होते.

योग्य दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची. मग जोड नव्याने करायचा किंवा ब्रेझिंग करायचं. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल पूर्ण काढायची आणि गेजचा काटा स्थिर राहतो का हे बघायचं. शेवटी प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. यातली एकही पायरी गाळून ‘अंदाजाने’ भरलेला गॅस पुढच्या एप्रिलला पुन्हा तुमच्याकडून पैसे काढणार.

शंका २ : गावाजवळ साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गच्चीवर काळी राख पडते. फिल्टर मी दर पंधरा दिवसांनी धुते, तरी उन्हाळ्यात एसी दुपारी गार हवा देत नाही. रात्री जरा बरा चालतो.
(एक गृहिणी, कराड तालुका)

समाधान : ताई, तुम्ही फिल्टर धुता ते उत्तम करता, पण तो इनडोअरचा. राख बसली आहे ती गच्चीवरच्या आउटडोअरमध्ये. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात एसी दुपारी हात टेकण्याचं हे मोठं कारण आहे. बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरची हलकी राख आणि तोडणीनंतर शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी हवेबरोबर दूरवर जाते. आउटडोअरचा पंखा मागून हवा ओढतो तेव्हा ती काजळी कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत अडकते. त्यांना फिन म्हणतात. दोन फिनांमधली जागा जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. रात्रीचं दव पडलं की राखेचा चिखल होतो, दुसऱ्या दिवशी उन्हात तो वाळतो, आणि हंगाम संपेपर्यंत तिथे पापुद्रा धरलेला असतो.

रात्री एसी बरा चालतो, यातच उत्तर आहे. रात्री बाहेरची हवा थंड असते, त्यामुळे अर्धी बुजलेली कॉइलही उष्णता सोडू शकते. दुपारी बाहेर चाळीस अंशांच्या आसपास तापमान असताना तिला ते जमत नाही. नळीतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि शेवटी स्वतःला वाचवायला बंद पडतो.

घरच्या घरी ओळखायचं तर एसी सुरू करून पंधरा मिनिटांनी आउटडोअरच्या पंख्यासमोर हात धरा. बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम वारा जोरात आला पाहिजे. वारा मंद आणि भाजणारा असेल तर कॉइल बुजली आहे. वारा जोरात आहे पण गरमच नाही, तर कॉम्प्रेसर काम करत नाही किंवा गॅस कमी आहे.

साफ करण्याआधी एमसीबी बंद करा, नुसता रिमोट बंद करून भागत नाही. आउटडोअर गच्चीवर, सुरक्षित उभं राहता येईल अशा जागी असेल तरच स्वतः हात घाला. मागच्या आणि बाजूच्या कॉइलवर मऊ ब्रश वरून खाली, फिनांच्या दिशेनेच फिरवा. आडवा फिरवला तर फिन दुमडतात आणि हवा कायमची अडते. मग बागेच्या नळीने हलक्या धारेचं पाणी सोडा. विजेची जोडणी ज्या बाजूला आहे तिकडे पाणी जाऊ देऊ नका. राख हवेबरोबर बाहेरून आत शिरलेली असते, म्हणून खरी धुलाई आतून बाहेर पाणी मारून होते. त्यासाठी वरचं झाकण काढावं लागतं, ते मेकॅनिककडून करून घ्या. ॲसिड किंवा फरशी धुण्याचं द्रावण कॉइलवर टाकू नका, त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तुमच्या गावी ही धुलाई वर्षातून दोनदा करावी, एकदा हंगाम मध्यावर असताना आणि एकदा गाळप संपल्यावर. वीटभट्ट्यांजवळ राहणाऱ्यांनी आणि मार्केट यार्ड परिसरातल्या, हळदीची धूळ सोसणाऱ्या घरांनीही हेच वेळापत्रक पाळावं.

शंका ३ : संध्याकाळी सात ते दहा आमच्याकडे व्होल्टेज पडतं. एसी लावला की आउटडोअरमधून घूं असा आवाज येतो, थोड्या वेळाने टक् होऊन आवाज थांबतो. आत नुसता पंखा चालल्यासारखी हवा येते. कॉम्प्रेसर गेला का?
(एक शिक्षक, आटपाडी तालुका)

समाधान : सर, लगेच कॉम्प्रेसर गेला असं समजू नका. तुम्ही सांगता ती लक्षणं कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय आणि होत नाही, याची आहेत. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा करंट मागतो. व्होल्टेज पडलेलं असलं की मोटर फिरत नाही, जागेवर घूं करत तापते आणि आतला ओव्हरलोड वीज तोडतो. ती टक् त्याचीच. थंड झाला की पुन्हा तोच प्रयत्न. हे रोज होत राहिलं तर चांगला कॉम्प्रेसरही जळतो. म्हणून असा आवाज आला की एसी बंद करा.

मग एक साधी पारख करा. सकाळी, व्होल्टेज नीट असताना एसी लावून बघा. सकाळी व्यवस्थित सुरू होत असेल तर दोष पुरवठ्याचा किंवा वायरिंगचा आहे. सकाळीही घूं करून थांबत असेल तर कॅपॅसिटर कमजोर झाल्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर देणारा हा डबीसारखा भाग उन्हाळ्यात तापून फुगतो, त्याची क्षमता घटते. बदलायला तो कॉम्प्रेसरच्या मानाने फार स्वस्त आहे. मात्र वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो आणि जोराचा धक्का बसू शकतो. त्याला घरी कोणीही हात लावू नये.

आउटडोअरचा पंखा फिरतो का, हेही बघा. पंखा बंद आणि कॉम्प्रेसर चालू असेल तर एसी दहा-पंधरा मिनिटं गार हवा देतो, मग तापून थांबतो, अर्ध्या तासाने परत सुरू होतो. तिथे पंख्याचा कॅपॅसिटर किंवा पंख्याची मोटर गेलेली असते.

वायरिंगकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ देऊ नका. दीड टनाच्या एसीला मीटरपासून स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. प्लग काळा पडला असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर व्होल्टेज तुमच्या भिंतीतच पडतंय. वायरिंग चोख असूनही व्होल्टेज पडत असेल तर शेजारच्या चार घरांनी मिळून महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तोवर एसीच्या टनाला साजेसा स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर एसी बऱ्याच कमी व्होल्टेजवर चालतो, पण किती ते माहितीपत्रकात बघूनच ठरवा. आणखी एक सवय लावून घ्या : वीज गेली आणि आली, तर तीन मिनिटं थांबूनच एसी सुरू करा. नळ्यांतला दाब समतोल व्हायला तेवढा वेळ लागतो.

शंका ४ : गोडोलीत दुसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आमची खोली आहे. नवा एक टनाचा एसी. दुपारी १६ वर ठेवला तरी खोली २९ च्या खाली येत नाही. रात्री दोननंतर मात्र पांघरूण लागतं. कंपनीचा माणूस एसी चांगला आहे म्हणतो.
(एक वाचक, सातारा)

समाधान : तो खरं बोलतोय. रात्री पांघरूण लागतं, म्हणजे यंत्र धडधाकट आहे. दुपारी खोलीत शिरणारी उष्णता त्याच्या ताकदीपेक्षा जास्त आहे, एवढंच.

एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. हा आकडा बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश असताना मोजलेला असतो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर त्याहून जास्त तापमान असतं आणि क्षमता तेवढी कमी होते. त्यात सकाळपासून तापलेला स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. पश्चिमेची काच असेल तर तिची भर वेगळी, आणि स्वस्थ बसलेला प्रत्येक माणूस शंभर वॅटच्या आसपास उष्णता देतो.

१६ अंश लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, आणि २९ अंशांच्या खोलीत इन्व्हर्टरही २४ वर ठेवला तरी पूर्ण ताकदीनेच चालतो. १६ चा अर्थ इतकाच की तो थांबायचं नाव घेणार नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. २५-२६ अंश आणि सोबत छताचा पंखा मंद वेगाने, ही जोडी बहुतेकांना पुरते.

खर्च करायचाच असेल तर आधी गच्चीवर करा. स्लॅबवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मार्चमध्येच लावून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या, कारण आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो. दाराखालची फट बुजवा. साताऱ्यात संध्याकाळी डोंगराकडून बरा वारा सुटतो. बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की अर्धा-पाऊण तास खिडक्या उघडून कोंडलेली उष्णता जाऊ द्या आणि मग दारं-खिडक्या लावून एसी सुरू करा. एवढं करूनही दुपारची झोप होत नसेल तर स्लॅबखालच्या खोलीला दीड टन घेणं योग्य ठरेल. पत्र्याच्या छताखाली मात्र आधी फॉल्स सीलिंग किंवा थर्माकोलचा थर घाला, टन नंतर वाढवा.

शंका ५ : इनडोअरवर बर्फ साचतो, थोड्या वेळाने पाणी गळतं आणि हवा जवळजवळ थांबते. एसी गार करतोय म्हणून बर्फ होतो ना?
(एक वाचक, मिरज)

समाधान : बर्फ हे कूलिंग बिघडल्याचं लक्षण आहे. कॉइलवरून पुरेशी खोलीची हवा गेली नाही तर कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. बर्फाने वाट अडली की हवा आणखी कमी होते आणि बर्फ आणखी वाढतो.

एसी बंद करून बर्फ वितळू द्या, किंवा नुसत्या फॅन मोडवर तासभर चालवा. चाकूने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. मग फिल्टर काढून धुवा, सावलीत वाळवा, बसवा. आतला लांबट गोल ब्लोअर टॉर्चने बघा. त्याच्या पात्यांवर धूळ आणि बुरशीचा थर असेल तर जेट पंपाने धुऊन घ्यावा लागेल. हे सगळं साफ असूनही बर्फ परत आला, विशेषतः आउटडोअरजवळच्या बारीक नळीवरही दव गोठलं, तर गॅस कमी असू शकतो. तिथून पुढे पहिल्या शंकेचं उत्तर वाचा.

बर्फ नाही पण पाणी गळतं, अशी तक्रार असेल तर ड्रेन पाइप तुंबलेला असतो. बाहेरचं टोक कुंडीत किंवा बादलीत बुडवून ठेवू नका, पाणी वाहायला उतार आणि मोकळं तोंड हवं.

शंका ६ : आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या पुरात आउटडोअर पाण्याखाली होतं, तेव्हा वाळवून चालू केलं आणि पीसीबी जळाला. पुन्हा पाणी आलं तर काय करावं?
(एक व्यापारी, सांगली)

समाधान : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांनंतर सांगलीत अशीच यंत्रं गेली. त्यामुळे हे उत्तर सगळ्या नदीकाठाने जपून ठेवावं.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ४० कडे चढत असल्याची बातमी आली की एसीचा एमसीबी बंद करा. तुमच्या गल्लीत पाणी पोचायला वेळ असला तरी आधीच बंद करा, पाण्यात उभं राहून स्विचला हात लावण्याची वेळ येऊ देऊ नका.

पूर ओसरल्यावर वरून कोरडं दिसणारं युनिट सुरू करू नका. नदीचा बारीक गाळ पीसीबीच्या जोडांत, पंख्याच्या बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरच्या पिनांत शिरलेला असतो. उन्हात वरचं पाणी वाळतं, गाळातली ओल राहते, आणि वीज देताच शॉर्ट होतं. मेकॅनिकने आधी गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, पीसीबी काढून पूर्ण वाळवायचा, आणि वीज जोडण्यापूर्वी मेगरने कॉम्प्रेसर व मोटरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स तपासायचा. कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो, तो बहुतेकदा वाचतो. पीसीबी आणि पंख्याची मोटर बदलावी लागू शकते. विमा असेल तर धुण्याआधी गाळासकट फोटो काढून ठेवा.

कायमचा उपाय म्हणजे भिंतीवर २०१९ ची जी खूण राहिली आहे तिच्या वर ब्रॅकेट लावून आउटडोअर हलवणं. नळीची लांबी वाढली तर गॅस किती वाढवायचा याचं कोष्टक कंपनीच्या पुस्तिकेत असतं, त्यानुसारच तो भरला जावा.

शंका ७ : वळवाच्या पावसानंतर एसीवर दिवा लुकलुकतो आणि आउटडोअर सुरूच होत नाही.
(एक वाचक, वाई)

समाधान : तो दिवा किंवा आकडा म्हणजे एररकोड. तो लिहून घ्या आणि पुस्तिकेत बघा. एमसीबी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा. तात्पुरता गोंधळ असेल तर मिटेल. कोड परत आला तर विजेच्या कडकडाटात आलेल्या उसळीने पीसीबीला इजा झाली असावी. दुसरा नेहमीचा गुन्हेगार पाल आहे. उबेला पाल आउटडोअरच्या बोर्डवर येते आणि दोन जोडांना एकदम चिकटली की बोर्ड जातो. मुंग्या आणि उंदीरही वायरिंगची नासाडी करतात. नळ्या जिथून भिंतीत शिरतात ते भोक पुट्टीने नीट बंद करून घ्या. ढग गडगडू लागले की एमसीबी बंद करा आणि घरात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या.

शंका ८ : जुन्या एसीत आर-२२ गॅस आहे. मेकॅनिक म्हणतो त्यातच नवा आर-३२ भरू. भरावा का?
(एक वाचक, तासगाव)

समाधान : मुळीच भरू नका. आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा खूप जास्त असतो. जुना कॉम्प्रेसर, त्यातलं तेल आणि नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. शिवाय आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे. आर-२२ ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली जगभर त्याचा वापर थांबवला जातोय आणि तो मिळणंही कठीण होत जाईल. यंत्र दहा वर्षांच्या पुढचं असेल, कॉइलमध्येच गळती असेल, तर त्यावर खर्च करण्यापेक्षा चांगल्या स्टारचा नवा एसी घ्या. दुखणं नुसतं कॅपॅसिटरचं किंवा धुलाईचं असेल तर जुना एसी खुशाल दुरुस्त करा. आणि नवा आर-३२ किंवा आर-२९० चा एसी घेतला तर बंद खोलीत, नळीत गॅस असताना कोणालाही ब्रेझिंगची ज्योत पेटवू देऊ नका.

शंका ९ : चांगला मेकॅनिक ओळखायचा कसा? आम्हाला यातलं काही कळत नाही.
(एक ज्येष्ठ वाचक, फलटण)

समाधान : काका, तुम्हाला यंत्र कळलं नाही तरी चालेल, तपासणीचा क्रम कळला की पुरे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तो केलेला किंवा कंपनीकडून शिकलेला माणूस आला तर उत्तम. पण कागदापेक्षा त्याच्या हाताकडे बघा. चांगला मेकॅनिक आधी फिल्टर उघडतो, मग आउटडोअर बघतो, मग मीटर काढतो. टाकी शेवटी काढतो. जो दारातूनच ‘गॅस गेलाय’ म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

काम झालं की स्वतः मोजून घ्या. साधा थर्मामीटर आधी इनडोअरच्या वरच्या जाळीजवळ, मग खाली गार हवा येते तिथे धरा. कमी तापमान लावून पंधरा मिनिटं चालल्यावर दोन्हींत आठ ते बारा अंशांचा फरक हवा. पावसाळी दमट हवेत तो थोडा कमी येतो. फरक आला तरच पैसे द्या. बिलावर काय बदललं, कोणता गॅस किती ग्रॅम भरला आणि हमी किती दिवसांची, हे लिहून घ्या. वॉरंटीतल्या यंत्राला कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.

यापुढे एसीबद्दल पत्र लिहिताना वाचकांनी एवढं जरूर कळवावं : एसी किती टनाचा, इन्व्हर्टर आहे की साधा, प्लेटवर कोणता गॅस लिहिलाय, वरची जाळी आणि गार हवा यांतला अंशांचा फरक, आउटडोअरचा पंखा फिरतो का, आणि बिघाड दुपारीच होतो की दिवसभर. ही माहिती हाती असेल तर पत्रातूनही बिघाडाच्या जवळ पोचता येतं. मेकॅनिकला फोन करण्याआधीही ती कागदावर उतरवा. तुम्हाला एवढं माहीत आहे हे दिसलं की कामाची सुरुवातही योग्य टोकापासून होते.